मायबाप श्रोते आणि बॉब डिलन

गायकांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ असतात. त्यांचा जन्म कोठे झाला, कोणती गीते त्यांनी रचली, कोणते मानसन्मान त्यांना लाभले, याची नोंद कोठे ना कोठे होतेच. परंतु त्यांच्यापुढे बसलेल्या श्रोत्यांचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. श्रोता तिकीट काढतो, ऐकतो आणि घरी जातो. त्याच्या मनात काय घडले ते त्याच्यापाशीच राहते. तथापि काही गायकांच्या बाबतीत श्रोत्यांचे प्रेम, रुसवा आणि संताप यांनाही इतिहासात जागा द्यावी लागते. अमेरिकन गीतकार-गायक बॉब डिलन हे त्यांपैकी एक होत. त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यांनी त्यांना संदेष्टा म्हटले आणि त्याच प्रेमापोटी भर सभागृहात यूदासही म्हटले. पुढे हाच गायक पोप जॉन पॉल दुसरे यांच्यासमोर गायला. हा प्रवास श्रोत्यांच्या आसनावर बसून पाहावा, असा आमचा हेतू आहे.

डिलन यांचा जन्म २४ मे १९४१ रोजी मिनेसोटा राज्यातील ड्यूलूथ येथे एका ज्यू कुटुंबात झाला. मूळ नाव रॉबर्ट ॲलन झिमरमन. बालपण हिबिंग या लोखंडाच्या खाणींच्या गावी गेले. गीतकार होण्याआधी ते स्वतःच एक वेडे श्रोते होते, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. ३१ जानेवारी १९५९ रोजी, वयाच्या सतराव्या वर्षी, त्यांनी ड्यूलूथ येथे बडी हॉली या तरुण गायकाचा कार्यक्रम काही फुटांच्या अंतरावरून पाहिला. तीनच दिवसांनी, ३ फेब्रुवारीला, हॉली विमान अपघातात मृत्युमुखी पडले. त्यांचे वय अवघे बावीस होते. २०१७ साली दिलेल्या नोबेल व्याख्यानात डिलन यांनी अगदी आरंभीच ही आठवण सांगितली. गाता गाता हॉलींनी आपल्या डोळ्यांत सरळ पाहिले आणि आपल्याला काहीतरी दिले. काय दिले ते सांगता येणार नाही, पण अंगावर शहारा आला, अशा आशयाचे ते कथन आहे. अट्ठावन्न वर्षांनंतरही ती एक नजर या माणसाला विसरता आली नाही. आम्हां धर्मगुरूंना हे वाचून हस्तारोपणाची आठवण होणे साहजिक आहे. परंतु ही तुलना फार ताणण्यात अर्थ नाही.

त्यानंतर त्यांना वेड लागले ते वुडी गथ्री यांचे. गथ्री हे दुष्काळाने देशोधडीला लागलेल्या शेतकऱ्यांची आणि कामगारांची गाणी रचणारे लोकगायक होते. १९६१ च्या जानेवारीत डिलन न्यूयॉर्कला आले, तेव्हा गथ्री न्यू जर्सीतील ग्रेस्टोन पार्क रुग्णालयात हंटिंग्टन या असाध्य विकाराने खितपत पडले होते. हा विकार हळूहळू शरीरावरचा ताबा काढून घेतो. पुढे वाचाही जाते. एकोणीस वर्षांचा हा पोरगा गिटार घेऊन त्यांच्याकडे जाई आणि त्यांचीच गाणी त्यांना म्हणून दाखवी. स्वतः गाऊ न शकणाऱ्या गायकाला त्याचीच गाणी ऐकवणे, ही चाहत्याच्या हातून घडणारी किती मोठी सेवा! आजाऱ्यांच्या भेटीला जाणाऱ्या आमच्या वाचकांना हे निराळे समजावून सांगावयास नको. १९६२ च्या मार्चमध्ये डिलन यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. तीत त्यांची स्वतःची अशी दोनच गीते होती. त्यांतील एक गथ्री यांना उद्देशून लिहिलेले होते.

न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागातील लहान लहान कॉफीगृहांत त्यांचे पहिले श्रोते जमले. हे श्रोते कसे होते हे समजून घेतल्याशिवाय पुढचा कलह समजणार नाही. ते बहुतांशी सुशिक्षित तरुण होते. बाजारात खपणाऱ्या चकचकीत संगीताचा त्यांना वीट आला होता. साधी लाकडी गिटार, माउथ ऑर्गन, खरखरीत आवाज आणि पूर्वापार चालत आलेली चाल, यांत त्यांना सत्य दिसे. विजेवर चालणारी गिटार ही त्यांच्या लेखी धंद्याची खूण होती. एका अर्थी त्यांनी गरिबीचे व्रत घेतले होते. स्वतःसाठी नव्हे, गायकासाठी! डिलन यांनी त्यांना हवे ते भरभरून दिले. ‘ब्लोइंग इन द विंड’ या त्यांच्या गीताची चाल गुलामगिरीच्या काळातील एका कृष्णवर्णीयांच्या भक्तिगीतावरून स्फुरलेली होती. ते गीत १९६३ साली घरोघर पोचले. त्याच वर्षी २८ ऑगस्टला वॉशिंग्टन येथे नागरी हक्कांसाठी सुमारे अडीच लाख लोक जमले आणि मार्टिन ल्यूथर किंग यांनी आपले स्वप्न सांगितले. त्याच व्यासपीठावरून डिलनही गायले. वय बावीस वर्षे. त्या दिवसापासून लोकांनी त्यांना आपल्या पिढीचा आवाज ठरवून टाकले. ही पदवी त्यांनी मागितलेली नव्हती. पुढे जन्मभर ते ती नाकारत राहिले.

रविवार, २५ जुलै १९६५. स्थळ न्यूपोर्ट येथील लोकसंगीत महोत्सव. १९६३ आणि १९६४ या दोन्ही वर्षी याच महोत्सवाने डिलन यांना डोक्यावर घेतले होते. या वर्षी मात्र ते विजेची गिटार गळ्यात अडकवून, वाद्यवृंद बरोबर घेऊन उभे राहिले. तीन गाणी झाली. श्रोत्यांतून धिक्काराचे आवाज उठले. हा धिक्कार नेमका कशाचा, याविषयी उपस्थितांच्या साक्षी आजही जुळत नाहीत. कोणी म्हणतात विजेच्या गिटारीचा, कोणी म्हणतात बिघडलेल्या ध्वनियोजनेचा, कोणी म्हणतात तीनच गाण्यांत कार्यक्रम आटोपल्याचा. शेवटी डिलन पुन्हा साधी गिटार घेऊन आले, एकट्याने दोन गाणी म्हटली आणि निघून गेले. पुढची अनेक वर्षे त्यांनी न्यूपोर्टला पाऊल ठेवले नाही. लोकगायकांचे पितामह पीट सीगर यांच्याविषयी असे सांगितले जाते की, ते कुऱ्हाड घेऊन विजेची तार तोडायला निघाले होते. सीगर यांनी स्वतः नंतर खुलासा केला: हाती कुऱ्हाड असती तर तार तोडली असती असे आपण म्हणालो खरे, परंतु आपला राग गिटारीवर नव्हता, आवाज इतका फाटत होता की शब्द ऐकू येत नव्हते, यावर होता.

हा खुलासा आम्हांला खरा वाटतो आणि आदरणीयही वाटतो. संत ऑगस्टीन यांनी आपल्या ‘कबुलीजबाबा’च्या दहाव्या ग्रंथात हीच अडचण मांडली आहे. मिलान येथील चर्चमधील स्तोत्रगायन ऐकून ते पूर्वी रडले होते. तरीही पुढे त्यांना शंका येत राहिली की, आपले मन गायिलेल्या अर्थाने हलते आहे की केवळ गळ्याच्या गोडव्याने? जेव्हा गोडवा अर्थावर मात करतो, तेव्हा आपण अपराध करतो असे त्यांना वाटे. आणि तरीही चर्चमधून गाणे काढून टाकावे असे काही त्यांना म्हणवेना. सीगर यांना शब्द हवे होते, ऑगस्टीन यांनाही शब्द हवे होते. येथे एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. न्यूपोर्टचा हा वाद पेटला ते दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे अखेरचे वर्ष होते. १९६३ च्या डिसेंबरात परिषदेने उपासनाविषयक संविधान मंजूर करून पाइप ऑर्गनला मानाचे स्थान दिले होते आणि उपासनेला साजतील अशा अन्य वाद्यांनाही वाट मोकळी केली होती. त्यामागून गिटार वेदीजवळ आली आणि जगभरच्या धर्मग्रामांत वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. वाद्य बदलले की श्रद्धाच बदलली असे वाटणारे लोक न्यूपोर्टच्या मंडपातच होते असे नव्हे.

न्यूपोर्टनंतरच्या वर्षभरात डिलन यांनी हा कलह खंडोखंडी नेला. कार्यक्रमाचे दोन भाग असत. पूर्वार्धात ते एकटे, साध्या गिटारीसह. सभागृह श्वास रोखून ऐके. उत्तरार्धात वाद्यवृंद येई आणि तेच सभागृह बिथरे. लोक संथ लयीत टाळ्या वाजवून व्यत्यय आणीत, उठून जात, ओरडत. विशेष म्हणजे काय होणार हे वृत्तपत्रांतून आधीच कळलेले असूनही ते पैसे मोजून येत. राग व्यक्त करण्यासाठी तिकीट काढणारा श्रोता हा प्रेमात पडलेलाच श्रोता असतो. उदासीन माणूस घरी बसतो.

१७ मे १९६६ रोजी इंग्लंडमधील मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये, उत्तरार्धातील अखेरच्या गाण्याच्या आधी क्षणभर शांतता असताना, अंधारातून एक आरोळी आली: ‘यूदास!’ काही लोक हसले, काहींनी टाळ्या वाजवल्या. डिलन यांनी माइकवरूनच उत्तर दिले की माझा तुझ्यावर विश्वास नाही, तू खोटारडा आहेस. आणि साथीदारांकडे वळून त्यांना जोरात वाजवण्याचा हुकूम केला. त्यानंतर ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ सुरू झाले. या प्रसंगाचे ध्वनिमुद्रण चोरट्या तबकड्यांवरून वर्षानुवर्षे फिरत राहिले. गंमत अशी की, तबकडीवर स्थळ लंडनचे रॉयल अल्बर्ट हॉल असे चुकीचे छापलेले असे. ते अधिकृतपणे प्रसिद्ध झाले १९९८ साली.

या एका शब्दापाशी आम्हांला थोडे थांबलेच पाहिजे, कारण तो आपल्या घरातला शब्द आहे. पवित्र सप्ताहात आपण तो दरवर्षी ऐकतो. यूदास म्हणून ओरडणाऱ्या त्या तरुणाने गायकाला विश्वासघातक्याची भूमिका दिली; परंतु मग विश्वासघात झाला तो कोणाचा? त्या वाक्यातील ख्रिस्त कोण? लोकसंगीताची चळवळ? की खुर्चीत बसलेला तो स्वतः? दुसऱ्याला यूदास म्हणणारा माणूस न कळत स्वतःकडे प्रभूची जागा घेतो. योहानाच्या शुभवर्तमानात बेथानीचा प्रसंग आहे. मरियेने बहुमोल सुगंधी तेल प्रभूच्या चरणांवर ओतले, तेव्हा त्याचा हिशेब मांडणारा यूदासच होता. प्रेम कसे करावे, कशावर किती खर्च करावे, हे तो दुसऱ्याला शिकवत होता. मँचेस्टरच्या सभागृहात हिशेब मांडणारा कोण होता आणि तेल ओतणारा कोण, याचा निर्णय वाचकांनी करावा. हा शब्द डिलन यांच्या मनात किती खोल रुतला होता हे २०१२ साली दिसून आले. एका मुलाखतीत, शेहेचाळीस वर्षांनंतर, ते उसळून म्हणाले की मनुष्यजातीच्या इतिहासातले सर्वांत तिरस्कृत नाव मला दिले गेले आणि तेही विजेची गिटार वाजवल्याबद्दल. आपल्या प्रभूला क्रुसावर मारण्यासाठी धरून देणे आणि गिटार वाजवणे ही जणू एकाच तोलाची कृत्ये!

आपल्या मराठी रंगभूमीवर प्रेक्षकांना ‘मायबाप’ म्हणण्याची रीत आहे. शब्द मोठा गोड आहे. पण मायबाप म्हटले की मुलाने काय व्हावे हे ठरवण्याचा अधिकारही आला. प्रत्येक प्रयोगात तेच पद ‘वन्स मोअर’ घ्यायला लावणारा रसिक नटाला जेवू घालतो आणि त्याच वेळी जखडूनही ठेवतो.

२९ जुलै १९६६ रोजी मोटारसायकलच्या अपघातात डिलन जखमी झाले आणि १९७४ पर्यंत त्यांनी दौरे केले नाहीत. वुडस्टॉक येथील आपल्या घरात ते बायकामुलांसह राहू लागले. पण चाहते तेथेही पोचले. छपरावर चढणारे, दार ठोठावणारे, आमचे नेतृत्व करा म्हणून आग्रह धरणारे लोक रात्रंदिवस येत, असे त्यांनी २००४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात लिहिले आहे. पुढे ते न्यूयॉर्कला परतल्यावर एकाने तर त्यांच्या दारासमोरची कचऱ्याची पिंपे उपसून त्यांतून त्यांच्या जीवनाचे अर्थ काढण्याचा उद्योग केला. याला प्रेम म्हणायचे की छळ, हे त्या मनुष्यालाही सांगता आले नसते.

या मौनाच्या वर्षांत एकदा ते लोकांसमोर आले ते आपल्या उपखंडातील दुःखासाठी. १ ऑगस्ट १९७१ रोजी, पूर्व पाकिस्तानातून लक्षावधी निर्वासित भारतात येत असताना, पंडित रविशंकर यांच्या विनंतीवरून जॉर्ज हॅरिसन यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एकाच दिवशी दोन कार्यक्रम केले. डिलन येतील की नाही याची हॅरिसन यांनाही खात्री नव्हती. त्यांच्याजवळच्या गाण्यांच्या यादीत डिलन यांच्या नावापुढे प्रश्नचिन्ह होते. त्याच कार्यक्रमाच्या आरंभी रविशंकर आणि अली अकबर खाँ यांनी वाद्ये सुरात लावताच हजारो तरुणांनी टाळ्यांचा कडकडाट केला. सुरात लावणेच तुम्हांला इतके आवडले, तर वादन त्याहून आवडेल अशी आशा करतो, असे रविशंकर हसून म्हणाले. न ऐकताच टाळ्या देणारे प्रेमही असते! डिलन आले, साधी गिटार आणि माउथ ऑर्गन घेऊन आले, आणि जुनी गाणी गायले. सहा वर्षांपूर्वी न्यूपोर्टमध्ये रुसलेल्यांना जे हवे होते, ते त्यांना असे अनपेक्षित वाटेने मिळाले.

आता आम्ही अशा पर्वाकडे येतो, ज्याविषयी ख्रिस्ती वाचकांना विशेष उत्सुकता असेल. १९७८ च्या नोव्हेंबरात सॅन दिएगो येथील कार्यक्रमात श्रोत्यांतून कोणीतरी चांदीचा एक क्रूस रंगमंचावर फेकला. डिलन सहसा असल्या वस्तू उचलत नसत. तो क्रूस मात्र त्यांनी उचलून खिशात टाकला. हे त्यांनी स्वतःच वर्षभरानंतर त्याच शहरात श्रोत्यांना सांगितले. फेकणारा कोण होता, त्याच्या मनात काय होते, इतिहासाला ठाऊक नाही. १९७९ च्या पूर्वार्धात डिलन कॅलिफोर्नियातील एका इव्हँजेलिकल चर्चच्या बायबलवर्गाला काही महिने नियमाने जात होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘स्लो ट्रेन कमिंग’ ही ख्रिस्ती श्रद्धेची ध्वनिमुद्रिका आली आणि १ नोव्हेंबरपासून सॅन फ्रान्सिस्को येथील वॉरफील्ड नाट्यगृहात चौदा कार्यक्रम झाले. आरंभी कृष्णवर्णीय गायिका भक्तिगीते म्हणत, नंतर डिलन येत. जुने एकही गीत नाही. मधून मधून ते अंतकाळाविषयी प्रवचन करीत. पुन्हा धिक्कार, पुन्हा उठून जाणे, वृत्तपत्रांतून पुन्हा टिंगल. तेरा वर्षांपूर्वी ज्यांनी विजेच्या गिटारीसाठी त्यांची बाजू घेतली होती, त्यांतील कित्येकांना आता प्रभूचे नाव सहन होईना.

येथे आपल्या लोकांनी विजयोत्सव करण्याचे कारण नाही. १९८१ नंतर डिलन पुन्हा निरनिराळ्या विषयांवर गाऊ लागले, तेव्हा ‘हा आमचा होता, आमच्यातून गेला’ असा सूर ख्रिस्ती मंडळींतूनही निघाला. लोकसंगीतवाले, रॉकवाले आणि आपण, तिघांची तक्रार एकच: आम्ही प्रथम ऐकले त्या क्षणी तू जसा होतास तसाच का राहिला नाहीस? पुनरुत्थानाच्या सकाळी बागेत मग्दालिया मरियेने प्रभूला ओळखले, तेव्हा आपल्याला धरून ठेवू नये असे प्रभूने तिला सांगितले. तिच्या प्रेमात काही उणे होते म्हणून नव्हे. तिला ओळखीचे होते ते रूप आता पुढे निघाले होते. गायक हा प्रभू नव्हे, हे आम्ही जाणतो. पण धरून ठेवण्याची ओढ मात्र तीच असते.

या सर्व काळात दुसऱ्या जातीचे श्रोतेही तयार होत होते, आणि त्यांच्याविषयी कमी लिहिले जाते. १९६९ साली डिलन यांच्या अप्रकाशित गीतांची पहिली चोरटी तबकडी निघाली. त्यानंतर कोटाच्या आत टेपरेकॉर्डर लपवून कार्यक्रम ध्वनिमुद्रित करणाऱ्या चाहत्यांचे एक बिरादरीवजा जाळेच निर्माण झाले. कायद्याने हे चूक होते आणि आम्ही त्याचे समर्थन करीत नाही. परंतु यांतील पुष्कळांनी पैशासाठी काही केले नाही. एकमेकांना टपालाने कॅसेट पाठवायची, सोबत गाण्यांची हस्तलिखित यादी जोडायची, अमक्या गावी अमके कडवे बदलले अशी नोंद करायची, एवढाच त्यांचा व्यवहार. ७ जून १९८८ पासून डिलन जवळजवळ अखंड दौऱ्यावर निघाले. पुढच्या तीन दशकांत तीन हजारांहून अधिक कार्यक्रम झाले. एकाच गीताची चाल, लय, कधी शब्दही रात्रीगणिक बदलत. ज्यांना ध्वनिमुद्रिकेतलेच गाणे ऐकायचे होते ते निराश होऊन परतत. कीर्तनकार एकच आख्यान प्रत्येक गावी निराळे रंगवतो, हे ठाऊक असलेल्यांना मात्र यात नवल वाटू नये. ‘आज काय बदलले’ हे ऐकायला जाणारा श्रोता गायकाला मोकळे सोडतो.

अशा श्रोत्यांतील एक आपल्याच देशात आहे. शिलाँगचे गायक लू मजॉ १९७२ पासून दरवर्षी २४ मे या दिवशी डिलन यांच्या जन्मदिनानिमित्त त्यांच्या गीतांचा कार्यक्रम करीत आले. गथ्रींच्या खाटेशी बसून गथ्रींचीच गाणी गाणारा तो पोरगा आणि खासी टेकड्यांत डिलन यांची गाणी गाणारे मजॉ यांचे गोत्र एकच म्हणावे लागेल.

आता बोलोन्या. १९९७ च्या सप्टेंबरात या इटालियन नगरीत राष्ट्रीय यूखरिस्तिक परिषद भरली होती. २७ तारखेच्या शनिवारी रात्री पोप जॉन पॉल दुसरे यांच्या उपस्थितीत तरुणांसाठी संगीताचा कार्यक्रम झाला. जमाव लाखोंचा. पोप सत्त्याहत्तर वर्षांचे, थकलेले. डिलन छप्पन्न वर्षांचे; त्याच वर्षी मे महिन्यात हृदयावरणाच्या गंभीर आजारामुळे रुग्णालयात राहून आलेले. दोन गीते झाल्यावर डिलन पायऱ्या चढून पोप महोदयांपाशी गेले, टोपी काढली, अभिवादन केले. मग परत येऊन आणखी एक गीत गायले. ‘ब्लोइंग इन द विंड’ त्या रात्री ते गायलेच नाहीत. परंतु पोप महोदयांनी आपल्या भाषणाचा आधार म्हणून नेमके तेच गीत घेतले. त्या गीतात प्रश्नांमागून प्रश्न येतात आणि उत्तर वाऱ्याच्या स्वाधीन केले जाते. पोप म्हणाले, हे खरे आहे. मात्र हा वारा सर्व काही शून्यात उडवून देणारा नव्हे, तो पवित्र आत्म्याचा श्वास आणि साद आहे. गीतात माणसाने चालावयाच्या वाटांविषयी विचारले आहे. त्यावर पोप उत्तरले, वाट एकच, ती म्हणजे ख्रिस्त. हिब्रू आणि ग्रीक या दोन्ही भाषांत वारा आणि आत्मा यांसाठी एकच शब्द आहे, हे सेमिनरीत शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. पण भर चौकात, तरुणांच्या ओठांवरच्या गाण्यातून तो अर्थ उलगडून दाखवण्याचे धाडस त्या वृद्ध धर्मपित्याने केले.

सर्वांनाच हे रुचले नव्हते. कार्डिनल रॅट्झिंगर, म्हणजेच पुढे पोप झालेले बेनेडिक्ट सोळावे, यांनी २००७ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात आपली नाराजी नोंदवली आहे. या तारकांचा संदेश पोप महोदयांच्या संदेशाहून सर्वस्वी वेगळा होता. अशा प्रकारच्या ‘संदेष्ट्यां’ना तेथे स्थान देणे योग्य होते का, याविषयी आपण साशंक होतो आणि एका अर्थी अजूनही आहोत, असे त्यांनी लिहिले. ही शंका क्षुल्लक नव्हे. यूखरिस्ताभोवतीच्या मेळाव्यात टाळ्या कोणासाठी पडतात, हा ऑगस्टीन यांचाच प्रश्न नव्या रूपात आला होता, आणि विचारणारे ऑगस्टीन यांचे एकनिष्ठ अभ्यासक होते. तरीही आमचा कौल जॉन पॉल यांच्याकडे झुकतो. त्यांनी डिलन यांना आपल्या पंखाखाली ओढले नाही, ‘हा आता आमचा’ असे जाहीर केले नाही, जुन्या प्रवचनांची आठवण दिली नाही. ते बसून ऐकत राहिले आणि मग, गीताचे ऋण मान्य करून, आपले म्हणणे मांडले. ज्यांनी ज्यांनी या गायकावर हक्क सांगितला होता, त्यांच्या मानाने ही रीत फार वेगळी होती. तीनच दिवसांनी डिलन यांची ‘टाइम आउट ऑफ माइंड’ ही ध्वनिमुद्रिका आली. तिच्यावर मृत्यूची सावली आहे, आणि अनेक जुने रुसलेले श्रोते तिने परत आणले.

१३ ऑक्टोबर २०१६ रोजी साहित्याचे नोबेल त्यांना जाहीर झाले. गीतकाराला साहित्याचा सन्मान द्यावा का, यावर विद्वानांत खडाजंगी झाली. डिलन दोन आठवडे काहीच बोलले नाहीत आणि डिसेंबरातील समारंभालाही गेले नाहीत. त्यांच्या जागी ‘अ हार्ड रेन्स अ-गॉना फॉल’ गाण्यासाठी गायिका-कवयित्री पॅटी स्मिथ स्टॉकहोमला गेल्या. त्या डिलन यांच्या किशोरवयापासूनच्या चाहत्या. स्वीडनचा राजा समोर, शिष्टजनांनी भरलेले सभागृह. आणि गाता गाता त्या अडखळल्या. शब्द पाठ होते, रोमरोमांत होते, पण बाहेर येईनात, असे त्यांनी पुढे लिहिले. त्यांनी क्षमा मागितली, आपण फार बावरलो आहोत असे सांगितले आणि पुन्हा सुरुवात केली. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. साठ वर्षांच्या या इतिहासात श्रोत्यांनी गाणाऱ्याला इतक्या सहज क्षमा केल्याचे दुसरे उदाहरण आम्हांला आठवत नाही.

नोव्हेंबर २०२१ मध्ये, वयाची ऐंशी ओलांडल्यावर, डिलन पुन्हा दौऱ्यावर निघाले. या कार्यक्रमांत श्रोत्यांचे मोबाइल फोन दाराशीच कुलूपबंद पिशवीत घातले जात. पिशवी श्रोत्याच्याच हाती राही, पण ती कार्यक्रम संपेपर्यंत उघडत नसे. छायाचित्र नाही, चित्रीकरण नाही. मंद प्रकाशात पियानोपाशी बसलेला वृद्ध गायक श्रोत्यांशी फारसे बोलत नसे, आणि जुने एखादे गाणे लागले तरी ते कोणते हे ध्यानी यायला दोन-तीन ओळी जाव्या लागत. लोक कान देऊन बसत.